पुणे-नाशिक, दोन नोडांचा घरगुती क्लस्टर: सीएनआय जुळवतानाच्या नोंदी

काय करायचं आहे: पुण्याच्या घरात एक छोटा सर्व्हर. त्यावर घरच्यांचे फोटो ठेवणारं इमिच आणि कागदपत्रं सांभाळणारं पेपरलेस. रोज रात्री या सगळ्याची प्रत नाशिकला आई-बाबांच्या घरी ठेवायच्या रास्पबेरी पाय या छोट्या संगणकावर जावी (जुळवणी मात्र आधी पुण्यातच). सातबाराचे उतारे, आजीचे फोटो, बाबांच्या पेन्शनचे कागद हे सगळं एकाच डिस्कवर असणं मला सहन होत नाही, म्हणून हा खटाटोप. दोन्ही यंत्रं केथ्रीएस या कंटेनर (डबाबंद अॅप्स) चालवणाऱ्या प्रणालीच्या एकाच क्लस्टरमध्ये, म्हणजे यंत्रांच्या गटात, नोड म्हणून घेते आहे, म्हणजे कुठला कंटेनर कुठे चालतोय ते एका जागेवरून दिसेल.

सामान: जुना मिनी पीसी, १६ जीबी रॅम, डेबियन १२ (दुरुस्त करून विकलेला, ११,५०० रुपये). रास्पबेरी पाय ४, ८ जीबी, उबुंटू सर्व्हर २२.०४ (घरात होताच). यूएसबी एसएसडी, २ टीबी (१०,८०० रुपये). राउटरसाठी छोटा डीसी यूपीएस (१,४०० रुपये).

१४ जून २०२५, शनिवार

मिनी पीसीवर केथ्रीएस बसवायला पाच मिनिटंसुद्धा लागली नाहीत. पाय मात्र क्लस्टरमध्ये येईना. एजंटची (पायवर चालणाऱ्या केथ्रीएसची) सेवा सुरू व्हायची, थोड्या वेळाने पडायची, परत सुरू व्हायची. जर्नलमध्ये (यंत्राच्या नोंदवहीत) फ्लॅनेल बंद पडल्याची ओळ आणि पुढे फक्त "ऑपरेशन नॉट सपोर्टेड".

केथ्रीएससोबत सीएनआय (कंटेनरांना नेटवर्क देणारा भाग) म्हणून फ्लॅनेल आपोआप येतं आणि नोडांमधली वाहतूक व्हीएक्सलॅनने, म्हणजे एक पॅकेट दुसऱ्यात गुंडाळून, करतं. त्यासाठी कर्नलमध्ये (लिनक्सच्या गाभ्यात) व्हीएक्सलॅनचं मोड्यूल हवं. पायसाठीच्या उबुंटूत २१.१० पासून हे मोड्यूल मूळ कर्नलबरोबर येत नव्हतं, ते 'लिनक्स-मोड्यूल्स-एक्स्ट्रा-रास्पी' या वेगळ्या पॅकेजमध्ये गेलं होतं. पॅकेज टाकलं, पाय रीबूट केला, नोड 'रेडी' झाला.

ज्यांना हे करायचं आहे त्यांनी आधी 'मॉडप्रोब व्हीएक्सलॅन' चालवून बघावं. चूक दाखवली तर केथ्रीएसच्या सेटिंगमध्ये शोधत बसू नका, तिथे काही नाही.

१५ जून, रविवार

दोन्ही नोड 'रेडी' आहेत, तरी पायवरच्या पॉडमधून (पॉड म्हणजे एकत्र चालणाऱ्या कंटेनरांचा संच) एकही नाव सापडत नाही, म्हणजे नावावरून पत्ता मिळत नाही. मिनी पीसीवरच्या पॉडमधून सगळं ठीक. नावावरून पत्ता सांगणाऱ्या कोअरडीएनएसचा पॉड मिनी पीसीवर आहे, म्हणजे पायवरच्या पॉडचा प्रश्न १०.४३.०.१० या सर्व्हिसच्या (नाममात्र) पत्त्याला जातो, तिथून कोअरडीएनएसच्या खऱ्या पत्त्याकडे वळतो आणि मग तारेवरून पलीकडच्या नोडवर पोचायला हवा. थोडक्यात, डीएनएसला दोष द्यायचं कारण नाही. दोन नोडांमधली वाट बंद आहे.

इथे जी पद्धत धरली ती शेवटपर्यंत कामाला आली. दोन्ही नोडांवर पॉड चालू केले, एका पॉडमधून दुसऱ्याला पिंग लावून दिला आणि पॅकेटं पकडून दाखवणारा टीसीपीडम्प घेऊन वाटेवरच्या एकेका इंटरफेसवर जाऊन बसले. पॉडची व्हेथ जोडी (पॉड आणि यंत्र जोडणारी आभासी तार), मग सीएनआय० हा ब्रिज (पॉडांचा आभासी स्विच), मग फ्लॅनेल.१ (व्हीएक्सलॅनचा इंटरफेस), मग नेटवर्क कार्ड. पॅकेट जिथे शेवटचं दिसतं आणि जिथे पहिल्यांदा दिसत नाही, त्या दोन जागांच्या मधे दोष असतो. त्या आधी कुठल्याही सेटिंगला हात लावायचा नाही.

पायवर चारही ठिकाणी पॅकेट दिसलं. मिनी पीसीच्या ईएनओ१ या कार्डावर ८४७२ पोर्टची (व्हीएक्सलॅनची) यूडीपी पॅकेटं येताना दिसली. तिथल्या फ्लॅनेल.१ वर शून्य.

एक गोष्ट नीट लक्षात ठेवा. आत येणारं पॅकेट टीसीपीडम्प फायरवॉलच्या आधी पकडतो. कार्डावर पॅकेट दिसलं म्हणून ते आत घेतलं गेलं असं होत नाही. मिनी पीसीवर यूएफडब्ल्यू ही फायरवॉल चालू होती आणि त्यात ८४७२ ला परवानगी नव्हती. हे नियम घातले:

८४७२ यूडीपी, फक्त १९२.१६८.१.०/२४ (घरचं जाळं) कडून.
६४४३ (हा आधीच उघडा होता, म्हणून नोड 'रेडी' झाला होता) आणि १०२५० टीसीपी, तिथूनच.
१०.४२.०.०/१६ (पॉड) आणि १०.४३.०.०/१६ (सर्व्हिस) कडून येणारं सगळं.

पिंग लगेच सुरू झाला, डीएनएसही. ८४७२ सगळ्या जगाला उघडं टाकू नका. व्हीएक्सलॅनमध्ये ना ओळख तपासली जाते ना मजकूर झाकला जातो. त्या पोर्टवर नीट घडवलेलं पॅकेट टाकता आलं तर माणूस थेट तुमच्या पॉडांच्या जाळ्यात शिरतो.

२१ जून, शनिवार

दुपारच्या पावसात वीज गेली, अर्ध्या तासाने आली. सगळे पॉड उठले, पण पायवर जाणारी प्रत रांगायला लागली. आदल्या दिवशी मिनिटात जाणारा फोल्डर पाऊण तास घेत होता.

'क्यूबसीटीएल' या आज्ञेने नोडचं पूर्ण वर्णन काढलं आणि फ्लॅनेलने लिहून ठेवलेली 'पब्लिक-आयपी'ची नोंद बघितली. कालपर्यंत १९२.१६८.१.१० होतं, आज १९२.१६८.१.३७. तो वायफायचा पत्ता. मिनी पीसी स्विचच्या आधी जागा झाला, त्या क्षणी डिफॉल्ट रूट (बाहेर जायची नेहमीची वाट) वायफायवर होता, आणि फ्लॅनेल काही सांगितलं नसेल तर डिफॉल्ट रूटचा इंटरफेस उचलतं. नंतर तार जोडली गेली तरी ते आपणहून बदलत नाही.

उपाय: केथ्रीएसच्या कॉन्फिग फाइलमध्ये 'फ्लॅनेल-आयफेस' आणि 'नोड-आयपी' स्पष्ट लिहिले, वायफाय बंद केलं, राउटरमध्ये दोन्ही यंत्रांचे पत्ते कायमचे बांधले. ज्याच्या यंत्राला एकाहून जास्त इंटरफेस आहेत त्याने या दोन ओळी पहिल्याच दिवशी लिहाव्यात.

जाता जाता: सीएनआयच्या बहुतेक सूचना '/इटीसी/सीएनआय/नेट.डी' या फोल्डरमध्ये जायला सांगतात. त्या क्यूबएडीएम या क्लस्टर उभारायच्या दुसऱ्या साधनासाठी लिहिलेल्या असतात. केथ्रीएसची सीएनआय फाइल '/व्हार/लिब/रँचर/केथ्रीएस/एजंट/इटीसी/सीएनआय/नेट.डी' मध्ये असते आणि हाताने बदलली तरी सेवा सुरू होताना परत मूळ मजकूर लिहिला जातो. बदल करायचा तो केथ्रीएसच्या स्वतःच्या कॉन्फिगमधून करावा.

२८ जून, शनिवार

नाशिकला नेण्याआधीची रंगीत तालीम. दोन्हीकडचं इंटरनेट सीजीनॅटच्या मागे आहे, म्हणजे बाहेरून आत यायला स्वतःचा आयपीव्ही४ पत्ता नाही. पण आयपीव्ही६ दोन्हीकडे आहे. तेव्हा पाय नाशिकहून पुण्याला आयपीव्ही६ वर वायरगार्डचा (व्हीपीएनचा) बोगदा उघडेल आणि फ्लॅनेल त्या बोगद्यातून चालेल.

फ्लॅनेलमध्ये 'वायरगार्ड-नेटिव्ह' नावाचा बॅकएंड तयार आहे, तो का नाही घेतला? त्यात नोड एकमेकांना थेट पत्त्यावर गाठतात. आयपीव्ही४ वर ते इथे शक्य नाही, आणि केथ्रीएसमध्ये दोन्ही आयपी एकत्र वापरायचे तर ते क्लस्टर उभारतानाच ठरवावं लागतं. उभा क्लस्टर पाडायची इच्छा नव्हती. बोगदा वेगळा ठेवला तर तो वेगळा तपासताही येतो, हे मला जास्त पटलं.

बोगद्याचे पत्ते: पुणे १०.२०.०.१, नाशिक १०.२०.०.२. दोन्ही घरांचं जाळं १९२.१६८.१.०/२४ च आहे, म्हणून घरचे पत्ते बोगद्यात आणलेच नाहीत. 'अलाउड-आयपीज'मध्ये (बोगद्यातून जाऊ शकणाऱ्या पत्त्यांच्या यादीत) फक्त समोरच्याचा एक पत्ता, /३२. पॉडांची रेंज तिथे लिहायची गरज नाही, कारण वायरगार्डला पॉडचे पत्ते दिसतच नाहीत. त्याच्यापर्यंत येतं ते व्हीएक्सलॅनमध्ये गुंडाळलेलं पॅकेट.

मग दोन्हीकडे 'फ्लॅनेल-आयफेस' डब्ल्यूजी० (बोगद्याचा इंटरफेस) केला, 'नोड-आयपी' बोगद्याचे केले, एजंटच्या फाइलमधला सर्व्हरचा पत्ता १०.२०.०.१ केला आणि सर्व्हरच्या 'टीएलएस-सॅन'मध्ये (प्रमाणपत्रातल्या पत्त्यांच्या यादीत) तोच घातला. यूएफडब्ल्यूमध्ये ८४७२, ६४४३ आणि १०२५० आता फक्त डब्ल्यूजी० वर. बाहेरून एकच पोर्ट, वायरगार्डचा ५१८२० यूडीपी.

रीबूटनंतर केथ्रीएस डब्ल्यूजी० च्या आधी उठायला बघत होतं आणि इंटरफेस नाही म्हणून पडत होतं. सिस्टमडीच्या (लिनक्सवर सेवा सुरू करणाऱ्या प्रणालीच्या) ड्रॉप-इन फाइलमध्ये 'आफ्टर' आणि 'वॉन्ट्स' या दोन ओळींत डब्ल्यूजी-क्विकची सेवा लिहिली, मग क्रम लागला.

फ्लॅनेल.१ चा तपशील काढला तेव्हा 'लोकल १०.२०.०.१ डेव्ह डब्ल्यूजी०' दिसलं, एमटीयू (एका पॅकेटची कमाल लांबी) १३७०. वायरगार्डचे १४२०, त्यातून व्हीएक्सलॅनचे ५० वजा. हिशेब बरोबर.

घरातल्या घरात, तारेवरून, बोगद्यातून पहिली पूर्ण प्रत एसएसडीवर घेतली. नाशिकला फक्त रोजचा फरक जायचा आहे. सगळं सुरळीत.

५ जुलै, शनिवार

पाय नाशिकला. बाबांच्या कपाटामागे राउटर आहे, तिथेच ठेवला. डायनॅमिक डीएनएसच्या (बदलत्या पत्त्यामागे फिरणाऱ्या) नावाला मिनी पीसीचा स्वतःचा आयपीव्ही६ पत्ता लावला होता. राउटरचा पत्ता लावून उपयोग नाही, आयपीव्ही६ मध्ये पोर्ट फॉरवर्ड नसतं. राउटरच्या आयपीव्ही६ फायरवॉलमध्ये ५१८२० उघडावं मात्र लागतं. बोगदा पहिल्या फटक्यात जुळला. नोड 'रेडी'. पिंग दोन्हीकडून.

६ जुलै, रविवार, आषाढी एकादशी

रात्रीची प्रत झालेली नाही. प्रत घेणारं रेस्टिक जोडतं, जुन्या प्रतींची यादी दाखवतं, काय बदललंय ते मोजतं, आणि पहिला मोठा तुकडा पाठवताना थिजतं. चूक नाही, सूचना नाही. थांबतं आणि थांबूनच राहतं. उलट दिशेनेही तेच: पायवरून छोटी फाइल येते, मोठी येत नाही.

पिंग चालतो, यादी येते, मजकूर अडतो, हे लक्षण बघून एमटीयू आठवायला हवा. पण पुण्यात हीच मांडणी आठवडाभर चालली होती आणि एमटीयूचा हिशेब जुळलेला होता, म्हणून तिकडे लक्ष गेलं नाही.

७ जुलै, सोमवार

व्हीएक्सलॅनमधल्या चेकसमच्या (पॅकेटमधल्या तपास-आकड्याच्या) कामाबद्दल एक जुनं दुखणं प्रसिद्ध आहे: काही कर्नल आणि कार्डांच्या जोडीत चेकसम चुकीचा लागतो आणि सर्व्हिसच्या पत्त्यावर जाणारी पॅकेटं फेकली जातात. त्यावरचा उपाय म्हणजे इथटूल या साधनाने फ्लॅनेल.१ वरचं 'टीएक्स-चेकसम-आयपी-जेनेरिक' बंद करणं. दोन्हीकडे केलं. काहीही फरक नाही. परत चालू केलं.

सर्व्हिसचा पत्ता सोडून थेट पॉडच्या पत्त्यावर पाठवून बघितलं, तेही थिजलं. म्हणजे क्यूब-प्रॉक्सीचे (सर्व्हिसचा पत्ता पॉडकडे वळवणारे) नियम संशयातून सुटले. रेस्टिकच्या पॉडला होस्टच्या नेटवर्कवर चालवून बोगद्यातून पाठवलं, तेही थिजलं. म्हणजे सीएनआयसुद्धा सुटलं. ही तपासणी सगळ्यात आधी करण्यासारखी आहे: एकेक थर काढून टाकायचा आणि दुखणं राहतं का बघायचं. माझी संध्याकाळ त्या चेकसममध्ये गेली.

९ जुलै, बुधवार

बाबांना फोन करून पाय चालू आहे ना ते विचारलं. "अगं, डबा गरम लागतोय, बंद करू का?" नको म्हटलं, आणि कपाटामागून काढून टेबलावर ठेवायला सांगितलं. तापमान दहा-बारा अंशांनी उतरलं. त्या निमित्ताने तेही काम झालं.

आता परत टीसीपीडम्प, इंटरफेसमागून इंटरफेस. पुण्यातून पाठवताना:

फ्लॅनेल.१ वर १३७० ची पॅकेटं. डब्ल्यूजी० वर १४२०. ईएनओ१ वर यूडीपी, लांबी १४५२. तिकडे नाशिकला पायच्या कार्डावर १४५२ लांबीचं एकही पॅकेट नाही. ३२ लांबीची येतायत, ती बोगदा जिवंत ठेवणारी रिकामी पॅकेटं. मधल्या आकाराचीही येतायत. फक्त सगळ्यात मोठी गायब.

१४५२ मध्ये यूडीपीचे ८ आणि आयपीव्ही६ चे ४० मिळवा. बरोबर १५००. आणि दोन्ही घरांचं ब्रॉडबँड पीपीपीओई (लॉगिन करून होणारी जोडणी) वर आहे, जिथे ८ बाइट त्याच्यातच जातात आणि उरतात १४९२.

डब्ल्यूजी-क्विक एमटीयू ठरवतं ते स्वतःच्या कार्डाच्या १५०० मधून ८० वजा करून. राउटरच्या पलीकडे १४९२ आहेत हे त्याला कळायला मार्ग नाही. बोगदा आयपीव्ही४ वर असता तर वरचा भार ६० चा असता, १४८० झाले असते आणि हे कधी लक्षातही आलं नसतं. आयपीव्ही६ वर भार पूर्ण ८० चा. पुण्यातली तालीम घरातल्या तारेवर, आयपीव्ही४ वर झाली होती, त्यामुळे तिथे हे दिसणं शक्यच नव्हतं.

आयपीव्ही६ मध्ये वाटेतला राउटर पॅकेटचे तुकडे करत नाही. 'पॅकेट फार मोठं' असा आयसीएमपीव्ही६ निरोप पाठवणाऱ्याला द्यायचा, असा नियम आहे. ईएनओ१ वर तेवढाच निरोप पकडायला टीसीपीडम्प लावून ठेवला आणि प्रत सुरू केली. निरोप आलाच नाही. राउटर पॅकेट टाकून देतो आणि गप्प बसतो. घरातल्या बाकीच्या वापराला याचा त्रास होत नाही, कारण टीसीपी जोडणी होताना राउटर तिचा एमएसएस (एका पॅकेटमधला कमाल मजकूर) कमी करून देतो. बोगदा यूडीपीचा, त्यात हात घालणारं कोणी नाही.

खात्री करायला बोगद्यातून पिंग, तुकडे न करण्याच्या अटीवर, आकार वाढवत. १३८० गेला. १३८१ नाही. आकडेमोडीप्रमाणे १३८४ पर्यंत जायला हवा होता, म्हणून चार बाइट कुठे गेले ते शोधलं. वायरगार्ड आतलं पॅकेट १६ च्या पटीपर्यंत भरून घेतं, पण एमटीयूच्या पुढे जात नाही. १३८० अधिक पिंगच्या हेडरचे २८ म्हणजे १४०८, ही १६ ची पट आहे, त्यामुळे भर पडत नाही. एक बाइट वाढला की पुढची पट १४२४, ती एमटीयूवर कापली जाऊन १४२०, आणि बाहेर १५००. चार बाइटांचाही हिशेब लागल्यावर मग मला शांत झोप लागली.

१२ जुलै, शनिवार

दोन्ही बाजूंच्या वायरगार्ड फाइलमध्ये 'एमटीयू = १४१२' लिहिलं. १४९२ वजा ८०. बोगदा पुन्हा उघडला, केथ्रीएसच्या सेवा रीस्टार्ट केल्या. फ्लॅनेल.१ आपोआप १३६२ वर आलं. आता पाकिटात पाकीट, त्यावर तिसरं पाकीट मोजलं तरी १३६२ अधिक ५० अधिक ८०, नेमके १४९२.

प्रत तरीही थिजली.

पॉडच्या आत शिरून इंटरफेस बघितला तर एमटीयू १३७०. केथ्रीएसची सेवा रीस्टार्ट केली तरी चालू पॉड मरत नाहीत, ते तसेच चालत राहतात. आणि पॉडच्या व्हेथ जोडीचा एमटीयू पॉड जन्मताना एकदाच ठरतो, '/रन/फ्लॅनेल/सबनेट.एन्व्ह' या फाइलमधून. फाइलमध्ये १३६२ आलं होतं, पण जुन्या पॉडांना त्याचं काही कळलं नव्हतं. इमिच, पेपरलेस, रेस्टिक, कोअरडीएनएस, सगळ्यांचे पॉड नव्याने उठवले. ज्यांना एकदम स्वच्छ सुरुवात हवी त्यांना 'केथ्रीएस-किलऑल' ही स्क्रिप्ट आहे. ती सगळे कंटेनर थांबवते आणि सीएनआय० व फ्लॅनेल.१ काढून टाकते. विदा जात नाही, पण तेवढा वेळ सगळं बंद राहतं. मी पॉड उठवण्यावर भागवलं.

पॉडमधून पॉडला १३३४ चा पिंग जातो, १३३५ ला पॉड स्वतःच नकार देतो. असंच हवं: जिथून निघतं तिथेच कळावं, वाटेत गडप होऊ नये. आठवड्याची साठलेली प्रत रात्रीत गेली.

२ ऑगस्ट, शनिवार

तीन आठवडे ठीक चाललं, मग पुण्यात पहाटे वीज गेली आणि त्यानंतर पाय 'नॉट रेडी'. राउटरला नवी आयपीव्ही६ प्रीफिक्स (पत्त्याचा सुरुवातीचा भाग) मिळाली, डायनॅमिक डीएनएसने नाव नव्या पत्त्यावर वळवलंही, पण वायरगार्ड समोरच्याचं नाव एकदाच, सुरुवातीला, शोधतं. पाय जुन्याच पत्त्यावर हाका मारत होता.

वायरगार्ड-टूल्सच्या जोडसामानात 'रीरिझॉल्व्ह-डीएनएस' नावाची स्क्रिप्ट मिळते. शेवटची हातमिळवणी होऊन १३५ सेकंदांपेक्षा जास्त झाली असतील तर ती नाव पुन्हा शोधते. पायवर सिस्टमडीचा टायमर लावून दर ३० सेकंदांनी चालवते आहे. राउटर मुद्दाम बंद-चालू करून बघितला: डीएनएसमध्ये नवा पत्ता आल्यावर तीन मिनिटांच्या आत नोड परत 'रेडी'. १,४०० चा यूपीएसही आता राउटरला जोडला, म्हणजे वीज थोड्या वेळासाठी गेली तर प्रीफिक्स बदलणारच नाही.

एक गोष्ट बाकी आहे. डेबियनचा तात्पुरता आयपीव्ही६ पत्ता डायनॅमिक डीएनएसमध्ये जाऊ नये म्हणून नोंदवणारी स्क्रिप्ट फक्त कायमचा शेपूट असलेला पत्ता उचलते, पण प्रीफिक्स बदलल्यावर जुना पत्ता काही काळ कार्डावर रेंगाळतो आणि दोन्ही सारखेच दिसतात. सध्या 'डेप्रिकेटेड' (कालबाह्य) खूण असलेले पत्ते गाळते आहे. पुढच्या प्रीफिक्स-बदलात ते पुरेसं आहे का ते कळेल, तेव्हा इथेच लिहीन.